रात्री दोन वाजता निर्माता घरी झोपलेला बरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, आम्ही सांगली-मिरजेचे चारजण एकांकिका करतो. चार भयकथा एकत्र गुंफून एक स्वतंत्र मराठी सिनेमा करायचाय. प्रत्येक गोष्टीला दिग्दर्शक वेगळा. दोन गोष्टींत मी काम करणार आणि निर्माताही मीच. बारा लाखांपर्यंत जमतील. दोन्ही झेपेल का? आणि नेमकं कुठे फसतं?"

झेपतं. मी केलंय, पण पहिल्या तीन रात्री पार वाया घालवून केलंय. तिथूनच सुरू करते.

हरिपूरच्या बाजूला एका मळ्यातल्या घरात आमचं शूटिंग होतं. सीन अगदी साधा. बाई रात्री सोप्यात तांदूळ निवडत बसलीय आणि परसातून तिला तिच्याच आवाजात हाक येते. बाई मीच. टेक सुरू झाला, हाक आली, मी मान वळवली. तेवढ्यात लांबवर जनरेटरचा सूर किंचित खाली गेला आणि माझ्या डोक्यात डिझेल आलं. कॅन किती उरलेत, पंप उघडा असेल का, आत्ता किती वाजले. टेक दिग्दर्शकाला आवडला. सकाळी मी तो मॉनिटरवर बघितला तर त्या बाईच्या चेहऱ्यावर भीती कुठेच नव्हती, हिशेब होता. घाबरलेल्या माणसाला किती वेळ गेला ते कळत नाही. निर्मात्याला रात्रभर तेवढंच कळत असतं. ही दोन माणसं एका चेहऱ्यावर मावत नाहीत, आणि कॅमेरा जवळ असला की खोटं लगेच पकडतो. त्या तीन रात्रींचं माझं काम पुढे सगळं परत शूट केलं. त्याचा खर्चही अर्थातच माझ्याच खिशातून गेला.

म्हणून तुला एकच गोष्ट ठासून सांगते. निर्मात्याचं सगळं काम कॅमेरा लागायच्या आधी संपव आणि ज्या रात्री तुझा सीन असेल त्या रात्री निर्माता दुसऱ्या कुणाला तरी कर. नावापुरता नको, खरोखरचा कर. आमच्यात ते काम माझ्या मावसभावाने केलं. तो लग्नाचे मांडव आणि जेवणाची कंत्राटं घेतो. सिनेमाचा त्याला काडीचा अनुभव नव्हता, पण साठ माणसांचं जेवण वेळेवर कसं येतं, जनरेटरवाला कुठे नाडतो, पोलीस चौकीत अर्ज किती दिवस आधी द्यायचा, पाऊस आला तर ताडपत्री कुणाकडे मिळते, हे त्याला झोपेतही येत होतं. मुंबईहून लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटिंगचा रोजचा कारभार बघणारा माणूस, आणण्यापेक्षा असा कुणी शोध. रोज संध्याकाळी त्याच्या हातात त्या रात्रीचं पाकीट द्यायचं आणि त्यातल्या खर्चाला तुला विचारायचं नाही, असं ठरवायचं. फोनही त्याच्याच खिशात. एकदा पहाटे लाइटवाले आणि गाडीवाले यांच्यात चांगलंच जुंपलं होतं म्हणे. मला दुसऱ्या दिवशी जेवताना कळलं. ती रात्र माझ्या कामाची सगळ्यात चांगली रात्र होती.

पैशाचं लगेच सांगून टाकते. बारा लाखांतले चार आजच वेगळ्या खात्यात टाक आणि ते खातं विसरून जा. ध्वनी, रंग, डीसीपी (थिएटरात लावायची डिजिटल प्रत) आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा खर्च त्यातून करायचा. सगळे पैसे शूटिंगवर उडवून पुढे दोन-दोन वर्षं हार्ड डिस्क कपाटात ठेवून बसलेली माणसं आपल्याच भागात मी पाहिलीत. रात्रीचं शूटिंग दिवसापेक्षा महाग पडतं आणि सावकाश होतं. दिवसा बारा शॉट होत असतील तर रात्री सात धर.

आता चार दिग्दर्शकांचं. चार मित्र आहात ते ठीक, पण सिनेमा एक आहे. १९४५ साली इंग्लंडच्या ईलिंग स्टुडिओने 'डेड ऑफ नाइट' केला. पाच गोष्टी, त्यांना बांधणारा एक धागा आणि दिग्दर्शक चार. संगीत मात्र एकाच माणसाचं, जॉर्ज ऑरिक यांचं. स्टुडिओ एक, घर एक. म्हणून तो आजही एक सिनेमा वाटतो, पाच शॉर्ट फिल्मची गोळाबेरीज वाटत नाही. दिग्दर्शक कितीही असोत, ध्वनीवाला, रंग करणारा आणि संकलक एकच ठेव. कॅमेरामन दोन चालतील, पण त्या दोघांना पहिल्याच दिवशी एका खोलीत बसवून कागदावर सही घे: फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला फ्रेम किती, रिझोल्यूशन किती, चौकटीच्या लांबी-रुंदीचं प्रमाण कुठलं.

हसू नकोस. आमच्या एका दिग्दर्शकाने परस्पर २५ फ्रेमवर शूट केलं, बाकी तिघांनी २४ वर. त्याची बाजूही खोटी नव्हती. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे, खेड्यातल्या जुन्या ट्यूबलाइट कॅमेऱ्यात लुकलुकतात आणि २५ वर ते टळतं. पण २४ वर राहूनही शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवलं की ते टळतं, हे त्याला माहीत नव्हतं. सिनेमा २४ ला बांधला तेव्हा त्याची वीस मिनिटांची गोष्ट वीस मिनिटं पन्नास सेकंदांची झाली आणि सगळ्या पात्रांचे आवाज जडावले. आवाज तेवढाच ताणून, पट्टी परत वर आणून, तोंडाच्या हालचालींशी बसवायला तीन आठवडे गेले. पन्नास सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण भयपटात दचका एक सेकंद उशिरा आला तर लोक हसतात.

गोष्टींना बांधणारा धागा हवाच, आणि त्यासाठी बाहेर बघायची गरज नाही. वेताळ पंचविशी आपण लहानपणापासून ऐकतो. पाठीवर प्रेत, वाटेत गोष्ट, शेवटी प्रश्न, उत्तर दिलं की वेताळ परत झाडावर. यापेक्षा पक्की बांधणी मला तरी माहीत नाही, कारण त्यात गोष्ट ऐकणाऱ्यालाच धोका असतो. चार माणसं शेकोटीभोवती बसून "माझ्या मामाच्या गावाला" म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं. तो धागा सगळ्यात शेवटी शूट कर, बाकीच्या चारही गोष्टींचं संकलन झाल्यावर. आम्ही आधी केला, आणि पुढे एक गोष्ट गाळावी लागली तेव्हा धाग्यातला म्हातारा त्या गोष्टीबद्दल बोलतोय आणि ती सिनेमात नाहीच, असं झालं. क्रमाबद्दल माझं मत: सगळ्यात जोरदार गोष्ट शेवटी, दुसऱ्या नंबरची पहिली, आणि मधे एक छोटी, जराशी तिरकस, जिच्यात लोकांना श्वास घेता येईल. यावर तुमच्यात भांडणं होतील, कारण मधे जायला कुठलाच दिग्दर्शक तयार नसतो. तेव्हा क्रम ठरवायचा हक्क निर्मात्याचा, हे आधीच लिहून घे.

गोष्ट कुठली निवडावी, हे तू विचारलेलं नाहीस, पण खरी मेख तिथेच आहे. तुम्ही पाठवलेल्या चार कल्पनांपैकी तीनांत पांढऱ्या साडीतली हडळ आहे. मी स्वतः हडळ केलीय, तीन तास मेकअपला बसून. आपल्याकडे भूत म्हटलं की बाईच, तीही बाळंतपणात गेलेली नाहीतर छळ होऊन मेलेली, हे मला आता खटकतं. पण तो मुद्दा सोडला तरी लोक तिला घाबरत नाहीत, हे बघ. मुंजा, खवीस, गिऱ्हा, चकवा ही सगळी मंडळी आपल्याकडे आहेत. त्यातला चकवा मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण तो दिसतच नाही. रोजच्या उसाच्या फडातून घरी निघालेला माणूस चालत राहतो आणि घर येत नाही. एवढंच. मेकअपचा खर्च शून्य.

आणि सांगलीकराला खरी भीती कशाची आहे, ते स्वतःलाच विचार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची खूण ओलांडली. धोक्याची पातळी ४५ आहे. गावभागातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर त्या पाण्याची रेघ होती. आमची सगळ्यात साधी गोष्ट त्या रेघेवर होती. एक म्हातारी रोज सकाळी ती रेघ पुसते आणि रोज ती बोटभर वर सरकलेली असते. भूत नाही, किंकाळी नाही. पुण्यात लोकांनी ती शांतपणे पाहिली. सांगलीत दाखवली तेव्हा दोन बायका उठून बाहेर गेल्या.

दुसरं स्थळ म्हणजे हरिपूरची पेवं. तुझ्या पिढीने ऐकली तरी असतील. हळद साठवायची जमिनीतली कोठारं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट रांजणासारखं फुगलेलं. २००५ च्या पुराने त्यातली बरीच गेली. भयकथेला याहून चांगली जागा मिळणार नाही, म्हणूनच आत्ताच बजावते: कॅमेरा घेऊन खऱ्या पेवात उतरायचं नाही. बंद पेवात हवा कोंडलेली असते, प्राणवायू कमी असतो आणि त्याला वास येतोच असं नाही. जुनी माणसं पेव उघडून बराच वेळ तसंच ठेवायची आणि आधी दिवा सोडून बघायची. ही अंधश्रद्धा नव्हे, शहाणपण. आम्ही वरचं तोंड तेवढं खरं घेतलं आणि पोट एका रिकाम्या गोदामात उभं केलं. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर शेणमातीचा गिलावा. एक बाजू सुटी ठेवली, म्हणजे कॅमेरा मागे घेता येतो. खऱ्या पेवात तोही आला नसता.

अभिनयाचं आता जरा सविस्तर बोलते, कारण रंगमंचावरून येणाऱ्यांचं इथेच चुकतं. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत वाढलेला नट आवाज भावे नाट्यमंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत नेतो आणि भीतीही तिथपर्यंतच नेतो: डोळे विस्फारलेले, हात छातीवर, श्वास जोरात. कॅमेरा दोन फुटांवर असतो. खरा घाबरलेला माणूस भीती दाखवत नाही, तो ती लपवतो, आणि आधी स्वतःपासून लपवतो. हातातलं काम तो सोडत नाही. तांदूळ निवडणारी बाई हाक ऐकल्यावर निवडतच राहते, फक्त आता खडे आणि तांदूळ एकाच बाजूला पडायला लागतात. परत शूटिंग केलं तेव्हा मी तेवढंच केलं. पडद्यावर लोकांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलंच नाही, बोटांकडे गेलं. प्रत्येक सीनमध्ये हाताला एक काम दे आणि भीतीने ते काम कसं बिघडेल याचा विचार कर. चेहरा आपोआप येतो.

धापेचा सीन असेल तर टेकच्या आधी पाच-सहा खोल, जलद श्वास पुरेत. काही नट दोन-दोन मिनिटं भराभर श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं गरगरतं. आमचा एकजण त्या भरात खाली बसला आणि दिग्दर्शकाला तो अभिनय वाटला. किंकाळी रात्रीच्या अगदी शेवटी ठेव. आधी ओरडलास की पुढचे सगळे संवाद घोगरे. शक्यतो शूटिंगला नुसतं तोंड उघड आणि खरी किंकाळी नंतर स्टुडिओत कोमट पाणी पिऊन दे. समोर भूत नसतं, हेही लक्षात ठेव. नजरेसाठी काठीला पांढरी पट्टी लावून कुणीतरी उभा असतो आणि बऱ्याचदा तो जांभया देत असतो.

रात्रींबद्दल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ थंडीमुळे छान. नदीकाठी धुकं फुकट मिळतं. पण तोच गळिताचा हंगाम. रात्री अडीच वाजता लांबवर उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जातो आणि तुझा थेट ध्वनी गेला. रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करून उपयोग नाही, ट्रॅक्टर थांबत नाही आणि थांबवूही नये. त्या सीनचं डबिंग धरूनच चाल. मात्र प्रत्येक जागेचा मिनिटभर रिकामा आवाज टेप करून घे. रातकिडे शॉटाशॉटाला बदलतात आणि संकलनात प्रत्येक कट ऐकू येतो.

कृष्णेत रात्री कुणालाही उभं करू नकोस, गुडघाभर पाण्यातही नाही. मगरी आहेत आणि त्यांनी माणसं ओढल्याचं आपल्याला माहीत आहे. पाण्याचे सीन शेततळ्यात कर. शिराळ्याकडच्या उसात बिबट्या असतो, तेव्हा फडात एकट्याला पाठवून लांबून लेन्स लावायची हौस नको. आणि बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी, दाराशी उजेड, जवळ स्वच्छतागृह, रात्री घरापर्यंत गाडी. हे बजेटमध्ये पहिल्या पानावर लिही. मी ते शेवटच्या पानावर लिहिलं होतं, स्वतः बाई असून.

रक्त आम्ही काकवीचं केलं. काकवी, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. रंग आणि ओघळ दोन्ही उत्तम, तोंडात गेलं तरी भीती नाही. पहाटेपर्यंत प्रेत झालेल्या नटाला मुंगळ्यांनी फोडून काढलं. जमिनीवर पडायचं असेल तर ग्लिसरीनचं कर. आणखी एक: अमावास्येला आमचे लाइटवाले आले नाहीत. भयपटाचा लाइटवाला अमावास्येला येत नाही, यावर मी खूप चिडले. मग पुढचं वेळापत्रक कॅलेंडर बघून केलं. वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

आवाजाला मात्र आपल्या भागासारखी श्रीमंती कुठे नाही. आमच्या ध्वनीवाल्याने मिरजेच्या एका जुन्या तंबोऱ्याची खर्जाची तार ढिली केली आणि तिच्यावरून व्हायोलिनचा गज ओढला. जवारी, म्हणजे सुरातला झंकार, लागावी म्हणून तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. तो काढून टाकला की तंबोरा मुका होतो, आणि तोच मुका सूर आम्ही चारही गोष्टींखाली घातला. वाद्य करणाऱ्या कारागिराला ते ऐकवलं तर ते म्हणाले, "आयुष्य गेलं हा आवाज काढून टाकण्यात."

कागदपत्रं कंटाळवाणी असतात, पण नंतर तीच उपयोगी पडतात. सिनेमाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याला ओळखतो. कथेचे हक्क मात्र लेखकाकडून लेखी घ्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मित्राची कथा आहे म्हणून सोडू नकोस, मित्राचीच आहे म्हणून लिही. जुन्या नावाजलेल्या लेखकाची गूढकथा घ्यायची असेल, तर मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे असतात. लहान मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसात जास्तीत जास्त पाच तास, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मानधनाचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. भयपटात मूल हवंच असतं, म्हणून खिडक्यांना काळं कापड लावून रात्र दिवसाच कर. काळं मांजर, कावळा, बोकड यांतलं काहीही दाखवणार असशील तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते, नाहीतर सेन्सॉरला अडकतोस. २०२४ पासून यूए प्रमाणपत्राचे वयानुसार सात, तेरा आणि सोळा असे तीन गट झालेत. तुमच्या कल्पना वाचून मला सोळाचा गट दिसतो. शीर्षकाची नोंदणी कोल्हापूरला मराठी चित्रपट महामंडळात करता येते, मुंबईला खेप नको. आणि ओटीटीला देतो म्हणणाऱ्या मधल्या माणसाला सगळे हक्क दहा वर्षांसाठी लिहून देऊ नकोस. मी दिले. त्यातून आलेल्या पैशात जनरेटरचं एका रात्रीचं भाडंही सुटलं नाही.

प्रसिद्धीच्या वेळी एक हुशार माणूस भेटेल. आम्हालाही भेटला. म्हणाला, सेटवर खरंच भूत दिसलं, कॅमेरा आपोआप बंद पडला, अशी बातमी सोडू. मी नाही म्हटलं. शेजारच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं आयुष्य या गोष्टीवर घालवलं, २०१३ मध्ये त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भुताची गोष्ट सांगणं वेगळं आणि भूत आहे असं सांगणं वेगळं. पडद्यावर मी तुला जीव जाईपर्यंत घाबरवीन, पण तिकीट फाडून बाहेर आल्यावर खोटं बोलणार नाही. शिवाय त्या खोट्याचा भुर्दंड कुणाला बसतो, ते आधीच कळलं होतं.

ज्यांचा वाडा आम्ही घेतला होता ते काका भाड्याला पटकन तयार झाले, चहा झाला, आणि उठताना दारात थांबून म्हणाले, "सिनेमा झाल्यावर लोक म्हणतील, यांच्या वाड्यात भूत आहे. धाकटीचं जमायचंय अजून." मी बसले परत. करारात लिहून दिलं: वाड्याचा दर्शनी भाग, आडनाव, गल्ली काहीही दिसणार नाही, आणि प्रसिद्धीत वाड्याबद्दल एक शब्द नाही. त्यापायी आमचा सगळ्यात देखणा शॉट गेला. दिंडीदरवाजाचा, धुक्यातला. दिग्दर्शक महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता.

धाकटीचं लग्न पुढच्या वर्षी झालं. आम्हाला जेवायला बोलावलं होतं. आता काका तोच दिंडीदरवाजा लग्नाआधीच्या फोटोंसाठी तासावर भाड्याने देतात, आणि दर माझ्यापेक्षा दुप्पट लावतात.